स्काय लिफ्टची गाडी घ्यावी का भाड्यानंच चालवावं? (साइनबोर्ड आणि स्ट्रीट लाइटची कामं)

बोर्डवाला_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत आपलं साइनबोर्डचं काम आहे, एसीपी बोर्ड, एलईडी लेटर, बँकांचे ग्लो साइन, पेट्रोल पंपाचे कॅनोपीचे पट्टे वगैरे, आणि दोन वर्षांपासून सोसायट्यांचे आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांचे आतले स्ट्रीट लाइटपण करतोय. आतापर्यंत दुकानाचा बोर्ड असला की शिडी किंवा परांची, आणि उंच काम असलं की कोल्हापूरवरून लिफ्टची गाडी (गाडीवरच्या लांब दांड्याच्या, म्हणजे बूमच्या, टोकाला माणसानं उभं राहायची बकेट असते ती) मागवायची असं चाललंय. गाडीवाला ८ तासाच्या शिफ्टला ६,५०० घेतो, ऑपरेटर आणि डिझेल धरून, वर येण्याजाण्याचे २,००० आणि जीएसटी वेगळा. दर ठीक आहे हो, पण पाहिजे तेव्हा गाडी मिळत नाही हे खरं दुखणं. दसरा-दिवाळीच्या आधी सगळ्यांना एकदमच पाहिजे असते, गिऱ्हाईक म्हणतं उद्घाटन आहे आणि गाडीवाला म्हणतो परवा बघू.

आता एका बॉडीवाल्यानं कोटेशन दिलंय, पिकअपच्या चॅसिसवर ११ मीटरची लिफ्ट, गाडी धरून १८ लाखाच्या आसपास. बँक १४ लाख द्यायला तयार आहे, ११ टक्क्यानं ४ वर्षं. वडील म्हणतात घेऊन टाक, घरची गाडी ती घरची गाडी. बायको म्हणते पावसाळ्यात दारात उभी राहणार. दोघांचंही पटतंय म्हणून इथं विचारतोय.

वापर म्हणाल तर पावसाळ्यात महिन्याला दोन-तीन दिवस, सप्टेंबर ते नोव्हेंबर पंधराच्या वर, बाकी महिने सहा-सात धरा. शिवाय शेजारच्या एका नगरपरिषदेचं वर्षभराचं दिवाबत्ती देखभालीचं टेंडर निघणार आहे, ते भरायचा विचार आहे. ज्यांच्याकडं गाडी आहे किंवा जे भाड्यानं चालवतात त्यांनी खरं खरं सांगा.

हिशेबी_माणूस

वडील आणि वहिनी दोघांना बाजूला ठेवा आणि कागद घ्या. १४ लाख, ११ टक्के, ४८ महिने म्हणजे हप्ता ३६,२०० च्या जवळ येतो. ड्रायव्हर आणि ऑपरेटर एकच माणूस धरला तरी २०,००० पगार, कारण महिन्यात दोनच दिवस काम आहे म्हणून दोन दिवसाचा पगार घेणारा चांगला ऑपरेटर मिळत नाही. इन्शुरन्स, टॅक्स, पासिंग मिळून महिन्याला ६,००० बाजूला काढा, टायर, ऑइल, होज पाइप, सील यांना अजून ६,०००. झाले ६८,०००. हे गाडी जागेवरून हललीच नाही तरी जाणार.

आता भाड्याची बाजू. सुटा एक दिवस तुम्हाला येण्याजाण्यासकट ८,५०० ला पडतो, त्यातून स्वतःच्या गाडीला लागलं असतं ते हजार-बाराशेचं डिझेल वजा करा, राहिले ७,३००. ६८,००० भागिले ७,३०० म्हणजे साधारण साडेनऊ दिवस. सलग दिवस काम असलं आणि येण्याजाण्याचे २,००० एकदाच लागले तर तोच आकडा तेराच्या जवळ जातो. म्हणजे वर्षभर, पावसाळा धरून, महिन्याला नऊ ते तेरा दिवस काम पाहिजे. तुमची सरासरी आठ-नऊच्या वर काही जात नाही. काठावर आहात, आणि काठावरचा माणूस कर्ज काढून गाडी घेतो तेव्हा मला काळजी वाटते.

जीएसटीचं म्हणाल तर मालवाहू गाड्यांवरचा २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ झालाय, त्यामुळं जुनं कोटेशन असेल तर नवीन मागा. जीएसटीच्या रेग्युलर स्कीममध्ये असाल तर इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळतं, कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर नाही, आणि भाड्याच्या बिलावरच्या १८ टक्क्यांचंही तेच. अजून एक, घसारा १५ टक्के आहे पण गाडी त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात आली तर पहिल्या वर्षी निम्माच मिळतो. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर घेतली तर साडेसात. सीएला विचारूनच तारीख ठरवा, शोरूमवाल्याच्या ऑफरवर नको.

नाशिककर_इलेक्ट्रिक

हिशेबी दादांचा हिशोब बरोबर आहे पण त्यात एक गोष्ट नाही, सांगतो. भाड्याच्या गाडीवर तुम्ही फक्त मोठी कामं मोजता. बँकेच्या बोर्डातलं एक अक्षर बंद पडलं, आत एसएमपीएस (एलईडीला वीज पुरवणारा डबा) गेलाय, चार-पाचशेचा माल, त्यासाठी कोण आठ हजाराची गाडी लावणार? गिऱ्हाईक म्हणतं राहू दे, आणि बोर्ड तसाच अर्धा पेटत राहतो. आमच्याकडं गाडी आल्यावर आम्ही अंबड-सातपूरच्या कंपन्यांना आणि गावातल्या बँकांना वर्षाचं एएमसी (देखभालीचा करार) द्यायला लागलो, एका फेरीत पाच-सहा ठिकाणची अशी बारीक कामं करून टाकायची, सकाळी एमआयडीसी, संध्याकाळी गाव. हे काम भाड्याच्या गाडीत दिसतच नाही कारण ते होतच नाही. तुमचे आठ दिवस हे भाड्याच्या गाडीचे आठ दिवस आहेत, घरच्या गाडीचे किती होतील ते वेगळं मोजायला पाहिजे.

दुसरं म्हणजे रात्रीचं काम. बाजारपेठेत दिवसा गाडी उभीच करता येत नाही, गाडीचे आधाराचे पाय (आउटरिगर) पसरायला जागा नाही. सांगलीत गणपती पेठ किंवा हरभट रोडला दुपारी बारा वाजता लिफ्ट उघडून दाखवा, मी बक्षीस देतो. रात्री दहानंतर करायचं तर भाड्याचा ऑपरेटर दुसरी शिफ्ट मागतो. घरचा माणूस असला की तो प्रश्न नाही, अर्थात त्याचं त्याला वेगळं द्यायचं, फुकट नाही राबवायचं कुणाला.

पण ११ मीटर कशासाठी हे सांगाल का? वर्किंग हाइट म्हणजे माणसाचा हात पोचतो ती उंची, बकेटचा तळ त्याच्यापेक्षा दीड-दोन मीटर खाली असतो. काही बॉडीवाले एक आकडा सांगतात, काही दुसरा, आणि कोटेशनवर नुसतंच ११ मीटर लिहितात. आणि त्याहून महत्त्वाचं, आडवं किती जातं ते विचारा. पोल गटारीच्या पलीकडं असतो, मधी झाड असतं, गाडी रस्त्याच्या कडेला, तिथं उंचीपेक्षा आडवी पोच कमी पडते.

बोर्डवाला_सांगली

धन्यवाद. ११ मीटर म्हणजे ९ मीटरचे पोल होतील म्हणून. आडवं किती ते विचारलंच नाही, उद्या फोन करतो. एएमसीचा मुद्दा डोक्यात नव्हता, आमच्याकडं विश्रामबाग आणि कुपवाड मिळून तशी गिऱ्हाइकं निघतील पण पंधरा का चाळीस ते सांगता येत नाही. आणि नगरपरिषदेकडं दोन हायमास्टपण (खूप उंच दिव्यांचे खांब) आहेत १६ मीटरचे, ते ११ च्या गाडीनं कसे करायचे?

नाशिककर_इलेक्ट्रिक

हायमास्टला गाडी लागतच नाही हो. खाली पोलला दार असतं, आत विंच (दोर गुंडाळायचं यंत्र) असते, मोटर लावून दिव्यांची अख्खी रिंग खाली उतरवायची आणि जमिनीवर उभं राहून काम करायचं. अडचण एवढीच की कित्येक ठिकाणी विंचचा दोर गंजलेला असतो आणि वर्षानुवर्षं कुणी रिंग उतरवलेलीच नसते. तो दोर बघितल्याशिवाय टेंडरमध्ये त्या दोन पोलचा दर भरू नका.

पाळणा_कोल्हापूर

मी भाड्यानं गाड्या देतो, त्यामुळं माझं म्हणणं त्या हिशोबानं घ्या. एक टाटा ४०७ वर आहे आणि एक छोट्या हत्तीवर.

सीझनला गाडी मिळत नाही ही तक्रार सगळेच करतात आणि ती खरी आहे. पण सगळे आदल्या दिवशी फोन करतात. गणपतीच्या आधी मला सांगितलं की सप्टेंबर ते नोव्हेंबर गाडी महिन्यावर पाहिजे तर मी देतो, महिन्याचं भाडं ७५,००० च्या आसपास, २६ दिवस, रोज ८ तास, ऑपरेटर माझा, डिझेल तुमचं. गाडी तुमच्या दारात उभी. पंधरा-सोळा दिवस वापरली तरी सुट्या दिवसांपेक्षा स्वस्त पडते आणि उरलेल्या दिवशी ते नाशिकवाले म्हणतात ती एसएमपीएसची कामं करून बघा. तीन महिन्यात कळेल तुमच्याकडं तसलं काम आहे का नाही. अॅडव्हान्स द्यावा लागेल, तो कुणीही मागेल.

आता गाडीवाला म्हणून सांगतो, गाडी घेणं सोपं, ऑपरेटर टिकवणं अवघड. ज्याला बूम चालवता येतो त्याला आउटरिगर कुठं टेकवायचा हे कळतंच असं नाही. पावसाळ्यात तुमच्याकडं तासगाव, आष्टा सगळी काळी माती, वरून कोरडी दिसते, पाय टेकवला की पाच मिनिटात चार बोटं आत. खाली जाड फळ्या टाकल्याशिवाय जॅक टेकवायचा नाही, आणि गटारीच्या फरशीवर तर अजिबात नाही, फरशी फुटते आणि गाडी एका अंगाला जाते. बकेट वर असताना एक पाय सहा इंच खचला तर वरच्या माणसाला काय होत असेल बघा. मी नवीन पोराला पहिला महिना वर जाऊच देत नाही, नुसत्या फळ्या टाकायला आणि पाय बघायला ठेवतो.

लोक हायड्रा क्रेनच्या हुकाला पिंजरा टांगून माणूस चढवतात, जेसीबीच्या बकेटात उभं करतात. पैसे वाचतात म्हणून. माझ्याकडं तसलं विचारायला आलं तर मी दुसरीकडं जा म्हणतो.

साईट_सुपरवायझर

पाळणा दादा, शंभर टक्के. त्यात करंटचं घालतो.

बकेट फायबरची आहे म्हणजे गाडी इन्शुलेटेड झाली असं कित्येकांना वाटतं. आपल्याकडं स्ट्रीट लाइटला फिरतात त्यातल्या बहुतेक गाड्यांचा बूम खालून वरपर्यंत लोखंडी असतो, बकेट फायबरची असून उपयोग नाही, बूम तारेला लागला की गाडी, जॅक, खाली हात लावून उभा असलेला हेल्पर, सगळ्यांत करंट. खरा इन्शुलेटेड बूम वेगळा येतो, त्याची वेळोवेळी व्होल्टेज टेस्ट करावी लागते, त्याची किंमतही वेगळी. १८ लाखात तो येत नसणार, बॉडीवाल्यानं इन्शुलेटेड म्हटलं तर टेस्टचं सर्टिफिकेट मागा.

आणि आपल्या रस्त्यांवर तारा किती खाली आहेत ते बघा. नियमानं रस्ता ओलांडणारी एलटी (कमी दाबाची) लाइन ५.८ मीटरवर आणि ११ केव्ही (उच्च दाबाची) ६.१ मीटरवर पाहिजे, म्हणजे तुमचा ९ मीटरचा पोल करायला बूम त्या उंचीच्या वर जाणारच. ११ केव्हीपासून बूम आणि माणूस ३ मीटर लांब, त्याच्या आत जायचं असेल तर महावितरणकडून परमिट घेऊन लाइन बंद करूनच, तोंडी 'झाली बंद' यावर नाही. भाड्याची गाडी असो नाहीतर घरची, ही जबाबदारी साइटवाल्याची. हार्नेस (अंगावरचा सुरक्षेचा पट्टा) बकेटच्या कडीला अडकवायचा, पोलला नाही, पोलला अडकवला आणि ऑपरेटरनं बूम हलवला तर माणूस मधल्या मध्ये ताणला जातो.

इन्शुरन्स_पुणे

वर कुणीतरी इन्शुरन्स, टॅक्स, पासिंग मिळून ६,००० महिन्याचे धरले, आकडा सोडा, पॉलिसीत काय आहे ते बघा. साध्या पिकअपची पॉलिसी घेऊन लिफ्टची गाडी चालवणारे मी बघितलेत. लिफ्टची गाडी स्पेशल टाइपमध्ये जाते, क्रेनसारखी, तिथं आयएमटी ४७ नावाचं कलम लागतं. त्याचा मथितार्थ असा की गाडी रस्त्यावर चालताना उलटली तर ठीक, पण उभी राहून काम करताना उलटली तर जादा प्रीमियम भरून ते कव्हर घेतलेलं असेल तरच स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळतं. आणि लिफ्टची गाडी उलटते ती कधी, काम करतानाच. एजंटला हे एवढं एकच वाक्य विचारा.

बकेटमधल्या माणसासाठी वर्कमन कॉम्पेन्सेशन वेगळी. भाड्यानं घेतली तरी तुमचा माणूस वर जात असेल तर ती तुम्हाला लागणारच, गाडीवाल्याच्या पॉलिसीत तुमचा फिटर येत नाही.

आरटीओचं: आधी पिकअप घेऊन नंतर लिफ्ट बसवली तर तो बदल आरसीवर चढवून घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. नाही केलं तर क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न तोच येतो. फिटनेस नव्या गाडीला २ वर्षांचा, मग ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी, पुढं दरवर्षी. लायसन्सचं टेन्शन घेऊ नका, ७,५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं लायसन्स) चालतं, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ते मिटवलं, पिकअप काय आणि ४०७ काय दोन्ही त्याच्या आतच येतात.

बोर्डवाला_सांगली

बरंच डोक्यात गेलं, आभार. टेंडरचं वाचलं काल रात्री बसून (मागच्या वर्षीचं, नवीन अजून निघालं नाही). त्यात लिहिलंय की गाडी मालकीची किंवा नोटरी केलेल्या भाडेकरारानं उपलब्ध असावी, आणि तक्रार आली की ४८ तासात दिवा लागला पाहिजे नाहीतर दर दिव्यामागं दर दिवसाला दंड. म्हणजे आठवड्यातून दोन दिवस तरी गाडी लागणार. हे काम मिळालं तर माझे दिवस सोळा-सतराच्या घरात जातात, मग तर घेणं परवडतं ना?

हिशेबी_माणूस

दिवसांच्या हिशोबानं परवडतं, पैशाच्या हिशोबानं नाही सांगता येत. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला. नगरपरिषदेचं बिल एमबी (मोजमाप पुस्तकातली नोंद) झाल्यावर, सही झाल्यावर, फंड आल्यावर, आणि मार्चअखेरीस निम्म्या गावाची बिलं एकदम. शिवाय अनामत अडकलेली. सहा महिने एक रुपया आला नाही तरी हप्ता, पगार आणि वरचा बाकीचा खर्च चालू राहील एवढे पैसे बाजूला आहेत का हे बघा, सहा महिन्यांचे चार लाखाच्या वर होतात. आणि टेंडर एका वर्षाचं, कर्ज चार वर्षांचं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी दोन टक्के खाली भरलं तर गाडी तुमच्याकडं आणि काम त्याच्याकडं.

भाडेकरार चालतो असं लिहिलंय ना, मग करारावर भरा. पाळणा दादांसारख्या कुणाबरोबर नोटरी करून घ्या, करारात काम मिळालं तरच लागू असं लिहा, वर्क ऑर्डर हातात आली की बघू. टेंडर भरायच्या आधी गाडी बुक करू नका, बॉडीवाला डिपॉझिट परत देत नाही.

नाशिककर_इलेक्ट्रिक

इथं माझं जरा वेगळं मत. ४८ तासाचा दंड आहे तिथं दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून राहणं म्हणजे दंड भरायची तयारी. कोल्हापूरवाल्याची गाडी दुसऱ्या साइटवर असली, बंद पडली, ऑपरेटरच्या घरी लग्न निघालं, तरी नोटीस तुमच्या नावावर येते. करारात बदली गाडी किती तासात देणार ते लिहून घ्या, आणि दंड कुणी भरायचा तेपण. ते लिहून द्यायला तयार नसेल तर मग समजा काय ते.

आणि नवीच कशाला? जुनी बघा की. सहा-सात वर्षांची बरी गाडी निम्म्या पैशात मिळते, हप्ता निम्मा, मग महिन्याला सात-आठ दिवसही पुरतात.

पाळणा_कोल्हापूर

बदली गाडीचं मी लिहून देतो, १२ तास. दंडाचं नाही देणार, खोटं कशाला बोलू.

जुनी घेणार असाल तर गाडीपेक्षा लिफ्ट बघा, इंजिन कुणीही दुरुस्त करतं. बकेटमध्ये प्लेटवर लिहिलंय तेवढं वजन ठेवा, बहुतेक २०० किलो असतं, सिमेंटची पोती टाका चार, माणूस नको. बूम पूर्ण वर न्या, इंजिन बंद करा, सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर सील जिथं आहे तिथं खडूनं रेघ मारा आणि चहा प्यायला जा. वीस मिनिटानं रेघ सीलपासून सरकलेली असली तर सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह गेलेला आहे, तिथून पुढं बोलायचंच नाही. मग बूम खाली आणून पिन आणि बुश हातानं हलवून बघा, बकेटला धरून आडवं ढकललं की टर्नटेबलजवळ (बूम ज्याच्यावर फिरतो ती खालची चकती) किती खुळखुळतंय ते कळतं. टर्नटेबलच्या खालची वेल्डिंग रंगाखाली झाकलेली असते, ताजा रंग दिसला की तिथंच तारेच्या ब्रशनं घासून बघा, मालक नको म्हणाला तर गाडी नको. आणि हँडपंप चालतो का ते बघा, वर माणूस असताना इंजिन बंद पडलं तर त्याला खाली आणायचा रस्ता तोच आहे, आणि जुन्या गाड्यांत तो हमखास जाम असतो.

अजून एक, पूर आला तेव्हा गाडी कुठं होती ते विचारा. २०१९ आणि २०२१ ला सांगली-कोल्हापुरात पाण्यात गेलेल्या गाड्या अजून फिरतायत, वरून चकाचक, आत वायरिंग आणि पीटीओला (इंजिनवरून लिफ्टच्या पंपाला ताकद देणारा भाग) गंज.

बोर्डवाला_सांगली

ठरलं असं धरा, सप्टेंबरपासून तीन महिने पाळणा दादांकडून महिन्यावर, मेसेज करतो. त्या तीन महिन्यात एएमसीसाठी बँकांना आणि कंपन्यांना पत्रं देऊन बघतो. टेंडर करारावर भरणार. नवीन गाडीचं कोटेशन बाजूला ठेवलंय, वडिलांना सांगायचंय अजून.

मधल्या काळात मिरजेत एक ४०७ विकायला आहे असं कळलंय, १२ मीटर, ५ वर्षं जुनी, मालक साडेआठ म्हणतोय. रविवारी बघायला जाणार, खडू घेऊन.

इन्शुरन्स_पुणे

जाताना आरसीचा फोटो मागवून घ्या आधी. बॉडी टाइपच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा, नुसतं ओपन बॉडी लिहिलं असेल तर साडेआठमधून ते सगळं नीट करायचा खर्च वजा करूनच बोला. फोटो इथं टाकलात तर नंबर झाकून टाका.